काठावरचे खळगे कोणत्या माशाचे? तलावात घरटं खोदणारे मासे ओळखण्याची पद्धत

मार्च-एप्रिलमध्ये उजनीचं पाणी उतरू लागलं, की भिगवण, इंदापूर, करमाळ्याच्या बाजूला पाणफुगवट्याचा गाळ उघडा पडतो. त्या गाळात, आणि अजून गुडघाभर पाण्याखाली असलेल्या तळावरही, परातीसारखे गोल खळगे ओळीने दिसतात. बघणारा प्रत्येक जण काहीतरी कारण सांगतो. कुणी म्हणतं म्हशी बसल्या असतील, कुणी म्हणतं गाळातून वायू सुटला असेल. बहुतेक वेळा ते काम एका माशाचं असतं. तो खळगा खोदून, झाडून, राखत बसतो, पण त्यात अंडी ठेवत नाही.

हा मासा म्हणजे चिलापी (टिलापिया). पण काठावरचा प्रत्येक खळगा चिलापीचा नसतो आणि प्रत्येक खळगा माशाचाही नसतो. मासा डोळ्यांना दिसण्याआधीच खळग्यावरून पुष्कळ कळतं: तो तोंडाने खोदलाय की शेपटीने झाडलाय, उघडा खळगा आहे की आत जाणारं बीळ, आत अंडी आहेत की नाहीत, एकटा आहे की शेजाऱ्यांसकट वस्ती आहे. या प्रश्नांची उत्तरं क्रमाने मिळवत गेलं तर कुठलंही पुस्तक हातात नसताना निदान माशाच्या गटापर्यंत पोचता येतं. खाली तोच क्रम दिला आहे. उदाहरणं मुख्यतः दख्खनच्या धरणांची आणि तलावांची आहेत, कारण खळगे तिथे सर्वांत सहज बघायला मिळतात.

पहिली पायरी: वेळ आणि जागा

चिलापी उबदार पाण्यातला मासा आहे. पाण्याचं तापमान साधारण २२ अंशांच्या वर राहू लागलं की नर खोदकाम सुरू करतात. आपल्याकडे त्यामुळे वर्षातला बराचसा काळ विणीला चालतो, पण बघणाऱ्याच्या दृष्टीने फेब्रुवारीअखेर ते जूनचा पहिला पाऊस हा काळ उत्तम. पाणी ऊन असतं, तुलनेने नितळ असतं आणि पातळी खाली जात असल्याने जुने खळगे आपोआप उघडे पडतात. पावसाळ्यात पाणी गढूळ होतं आणि चढतं, त्यामुळे चिलापीचं काही दिसत नाही. मात्र मरळ आणि देशी मागूर यांची वीण पावसाळ्यातच असते, ते पुढे येईलच.

जागा निवडताना उताराकडे बघा. हळूहळू खोल होत जाणारा, मऊ गाळाचा किंवा बारीक वाळूचा काठ हवा. खडकाळ, सरळ खाली उतरणाऱ्या काठावर खळगे मिळत नाहीत. धरणाच्या भिंतीजवळ वेळ घालवण्यापेक्षा ओढे येऊन मिळतात त्या उथळ खाड्यांच्या आतल्या बाजूला जा. तिथे लाट कमी असते. वाऱ्याची लाट खळग्याची कड मोडते, म्हणून नर निवाऱ्याची जागा धरतात.

सकाळी नऊ ते अकरा ही वेळ सोयीची. सूर्य पुरेसा वर आलेला असतो, वारा अजून सुटलेला नसतो. ऊन पाठीवर घेऊन उभे राहा.

एक इशारा आधीच देतो. उजनीसारख्या जुन्या धरणाचा गाळ वरून वाळून तडकलेला दिसतो आणि खाली मांडीपर्यंत ओला असतो. पाय रुतला तर एकट्याने निघणं अवघड. जिथे गुरांच्या पायवाटा आहेत किंवा गाळपेर झालेली आहे, तिथूनच चाला, हातात काठी ठेवा, सोबत माणूस न्या. मुंबईच्या पवई तलावात आणि सांगलीकडे कृष्णेत मगरी आहेत, त्या पाण्यांत काठापासून लांब राहूनच बघायचं.

दुसरी पायरी: सोबत काय न्यायचं

फार काही लागत नाही. पोलराइज्ड काचेचा गॉगल ही एकच वस्तू अशी आहे जी सगळं बदलते. पाण्यावरची चकाकी जाते आणि तळ दिसू लागतो. त्याशिवाय दर दहा सेंटिमीटरवर रंगाची खूण केलेली काठी, मोजपट्टी, मोबाइल, वही. दुर्बीण असली तर नर लांबून बघता येतो, नसली तरी चालतं.

तिसरी पायरी: हे माशाचंच काम आहे का?

इथे घाई करू नका. उजनीवर मोठ्यात मोठा गोंधळ रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांमुळे होतो. रोहित चोच एका जागी गाळात ठेवून पायांनी गाळ ढवळत तिच्याभोवती फिरतो. त्यामुळे वर्तुळाकार चर तयार होतो आणि मधला भाग उंच राहतो. पाणी उतरल्यावर ही कडी अगदी आखल्यासारखी दिसतात आणि लोक ती माशांची घरटी म्हणून दाखवतात. फरक साधा आहे, मधोमध बघा. मध्य खोल असेल तर मासा, मध्य उंच असेल आणि भोवती चर असेल तर रोहित. काठी आडवी ठेवून मध्याची आणि कडेची उंची ताडून पाहिली की शंका राहत नाही. कडेला त्रिकोणी, पडदा असलेल्या पायांचे ठसे मिळाले तर प्रश्नच मिटला.

म्हशी डुंबलेली जागा लांबट आणि वेडीवाकडी असते, तिच्या कडेला खुरांचे ठसे हमखास असतात. गाळातून वायू सुटून झालेली भोकं लहान, अरुंद असतात आणि त्यांना सपाट तळ नसतो. पाण्यात असताना तिथून मधूनमधून बुडबुडे येतात.

सायप्रिनस हा मासा अंडी वनस्पतींना चिकटवतो, घरटं करत नाही, पण खाणं शोधताना तळ उकरतो. त्याच्या उकरण्याच्या खुणा मुठीएवढ्या, कशाही पसरलेल्या, कड नसलेल्या असतात. रोहू, कटला, मृगळ तर तलावाच्या काठावर खळगे करतच नाहीत. ते पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी सोडून मोकळे होतात. त्यामुळे ‘रोहूचं घरटं’ असं कुणी दाखवलं, तर ते दुसऱ्याच कुणाचं तरी आहे हे लगेच समजावं.

काठाच्या उभ्या मातीतली भोकं वेगळी. पाण्याच्या बऱ्याच वर, गोल, मूठ जेमतेम जाईल एवढी आणि खाली पांढऱ्या विष्ठेचा ओघळ असेल तर तिथे खंड्याचं किंवा वेड्या राघूचं घर आहे. तोंडाशी ओल्या मातीच्या गोळ्यांचा ढीग असेल तर खेकडा. या दोन्हींना हात लावू नका. पाण्याच्या रेषेशी किंवा तिच्या किंचित खाली रुंद, बसके भोक असेल, तर मात्र थांबा, त्यासाठी पुढे वेगळी पायरी आहे.

चौथी पायरी: खळगा मोजा, खळगा वाचा

आता खात्रीने माशाचा खळगा समोर आहे असं धरू. पाण्याच्या कडेपासून किती अंतरावर, किती पाण्यात, किती रुंद, किती खोल, तळ कशाचा, शेजारी किती, हे सगळं मोजायचं आहे.

चिलापीचा खळगा सामान्यतः ३० सेंटिमीटरपासून जवळजवळ मीटरभर रुंद असतो. खोली पाच ते वीस सेंटिमीटर. साधारणपणे मोठा नर मोठा खळगा करतो, पण त्यावरून वयाचा अंदाज बांधू नका. चिलापी गर्दीच्या पाण्यात दोन-तीन महिन्यांची, जेमतेम आठ-दहा सेंटिमीटर लांबीची असतानाच विणीला येते. अशा तलावात ताटलीएवढे बारके खळगे दाटीने दिसतात, आणि तेवढ्यावरून तिथे माशांची वाढ खुरटली असावी असा सार्थ संशय घेता येतो. गावच्या पाझर तलावाच्या मत्स्य सोसायटीला ही माहिती उपयोगाची आहे. ती त्यांना सांगा.

तळ आणि कड हे वाचनातले महत्त्वाचे भाग. चिलापीचा नर तोंडात माती भरतो, कडेपर्यंत नेतो आणि थुंकतो. त्यामुळे खळग्याभोवती उचललेल्या मातीची गोल, जरा उंच कड तयार होते. तळ स्वच्छ, गुळगुळीत असतो. त्यावर काडी, शेवाळ, पान काही राहू देत नाही. आजूबाजूच्या तळावर शेवाळाचा मळकट थर आणि खळगा मात्र उजळ, असं असेल तर त्या खळग्यात नर आज काम करतोय. कड ढासळलेली, तळावर गाळाचा पातळ थर बसलेला, असं असेल तर तो सोडून दिलेला आहे.

शेजार बघा. चिलापीचे नर एकत्र जमून वस्ती करतात. प्रत्येकाचा खळगा वेगळा, पण कडा एकमेकींना टेकतील इतक्या जवळ. माद्या या वस्तीतून फिरतात, एखाद्या नराच्या खळग्यात थांबतात, अंडी घालतात आणि लगेच तोंडात उचलतात. फलन तेवढ्यात, काही वेळा तोंडातच होतं, आणि मादी निघून जाते. पुढचे सुमारे तीन आठवडे अंडी आणि पिलं तिच्या तोंडात राहतात. त्या काळात ती जवळजवळ उपाशी असते. नर खळग्यातच राहतो आणि पुढच्या मादीची वाट बघतो.

म्हणून ओळखीची कसोटी अशी: नर हजर, खळगा झाडलेला, आणि आत एकही अंडं नाही. उथळ पाण्यात वाकून बघितल्यावर तळावर अंड्यांचा थर चिकटलेला दिसला, तर समोरचा खळगा चिलापीचा नाही.

वाळलेल्या गाळावर आणखी एक खूण मिळते. पाणी आठवड्याआठवड्याला खाली जातं आणि नर नव्या काठाजवळ नवे खळगे करतात. त्यामुळे जुन्या काठांच्या समांतर खळग्यांचे पट्टे राहतात. प्रत्येक पट्टा मोजून ठेवला आणि धरणाच्या पाणीपातळीच्या रोजच्या आकड्याशी लावून पाहिला, तर कोणत्या आठवड्यात वीण जोरात होती हे मागाहूनही काढता येतं. उजनीची पातळी उन्हाळ्यात वर्तमानपत्रांतून रोज छापून येते, त्यामुळे हे काम घरबसल्या करता येण्यासारखं आहे. कुणीतरी सलग काही वर्षं करावं असं मला मनापासून वाटतं.

पाचवी पायरी: मासा बघा

खळग्यापासून आठ-दहा पावलं मागे, शक्यतो बसून, दहा-पंधरा मिनिटं हलू नका. माणसाची सावली पडली की नर खोल पाण्यात जातो, पण त्याला शेजाऱ्याने जागा बळकावण्याची भीती जास्त असते. तो परत येतो.

विणीतला मोझांबिक चिलापीचा नर एकदा पाहिला की विसरणं शक्य नाही. अंग गडद काळं, हनुवटी आणि गळा पांढरट, पाठीच्या आणि शेपटीच्या पराला लाल किनार. जबडा मोठा आणि ओठ जाड झाल्यामुळे डोक्याची वरची रेषा किंचित आत गेलेली दिसते. मादी आणि वीण नसलेला नर मात्र राखाडी-हिरवट, कुशीवर दोन ते पाच अस्पष्ट ठिपके असलेले, अगदी साधे असतात. अंडी तोंडात असलेल्या मादीचा गळा खाली फुगलेला दिसतो. ती वस्तीत राहत नाही, पाणवनस्पतींच्या कडेला मिळते. तिच्याभोवती इवल्या पिलांचा ढग असेल आणि तुम्ही हललात की तो ढग क्षणात नाहीसा होत असेल, तर पिलं परत तोंडात गेली असं समजा.

आता दुसरी अडचण. आपल्या अनेक पाण्यांत मोझांबिक चिलापीबरोबर नाईल चिलापीही आली आहे. तिचे खळगे याच पद्धतीचे, त्यामुळे केवळ खळग्यावरून दोघींत फरक करता येत नाही. मासा बघावाच लागतो. शेपटी बघा. नाईल चिलापीच्या शेपटीच्या परावर वरपासून खालपर्यंत बारीक, नियमित उभ्या रेघा असतात. मोझांबिकच्या शेपटीवर अशा रेघा नसतात. नाईलचा विणीतला नर काळाभोर होत नाही, अंगावर आणि डोक्याखाली तांबूस छटा येते. दोघींचा संकर सहज होतो, त्यामुळे अर्धवट रेघा आणि काळपट अंग असलेला मासाही मिळेल. अशा वेळी उगाच एका जातीचं नाव ठोकून देऊ नका, ‘ओरिओक्रोमिस (दोघींच्या गटाचं शास्त्रीय नाव), बहुधा संकर’ असं लिहा.

भोई बंधूंच्या जाळ्यात आलेला मासा हातात मिळाला तर अजून तीन गोष्टी तपासता येतात. प्रत्येक बाजूला नाकपुडी एकच असते. कुशीवरची रेषा मध्ये तुटून दोन तुकड्यांत जाते. आणि पोटाखालच्या मागच्या पराला पुढे तीन काटे असतात. ही तीन काट्यांची खूण लक्षात ठेवा, किनारपट्टीवर तिचा उपयोग होणार आहे.

इथे थोडं विषयांतर, पण गरजेचं. मोझांबिक चिलापी मूळची आफ्रिकेच्या आग्नेय भागातल्या नद्यांची. भारतात ती १९५२ मध्ये आणली गेली. तळ्यांत झपाट्याने वाढणारा स्वस्त मासा म्हणून तिच्याकडे पाहिलं गेलं, पण ती स्वतःच इतकी पसरू लागली की १९५९ मध्ये तिच्या प्रसारावर बंदीचा निर्णय झाला. तोपर्यंत उशीर झाला होता. आज जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत तिचं नाव आहे. आणि तिच्याच मूळ नद्यांत, बाहेरून आलेल्या नाईल चिलापीशी संकर होऊन शुद्ध मासा संपत चालल्यामुळे, आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ती ‘असुरक्षित’ (व्हल्नरेबल) म्हणून नोंदलेली आहे. उजनीवर हजारो घरं या माशावर चालतात, हेही तितकंच खरं. म्हणून खळगे दिसले की तुडवून टाकावेत, असं मी कुणाला सांगणार नाही. त्याने माशांची संख्या कमी होत नाही, नर दुसऱ्या दिवशी नवा खळगा करतो. नोंद मात्र जरूर करावी.

सहावी पायरी: खळगा नसून बीळ असेल तर

काठाच्या मातीत, पाण्याच्या रेषेशी, उंचीपेक्षा रुंदी जास्त असलेली बसकी भोकं ओळीने दिसली, तळ सपाट आणि आत किंचित खाली उतरत गेलेला असला, तर ते सकर माशाचं काम असण्याची दाट शक्यता आहे. कोळी-भोई मंडळी याला हेलिकॉप्टर मासा असंही म्हणतात. दक्षिण अमेरिकेतला हा मासा काचेच्या टाक्यांतलं शेवाळ खाण्यासाठी विकला जातो. टाकीत मावेनासा झाला की लोक तो नदीत सोडतात. अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या कठीण पट्ट्या, तोंड खालच्या बाजूला चोषकासारखं, पाठीवर मोठा उभा पर, अंगभर गडद ठिपके किंवा नागमोडी रेघा. जाळ्यात अडकला की जाळं फाडल्याशिवाय निघत नाही.

बीळ अर्धा मीटर ते दीड मीटरपर्यंत आत जातं. मादी त्यात अंडी घालते, नर राखतो. एकेका काठावर अशी बरीच बिळं झाली की माती पोखरली जाते आणि काठ ढासळतो. मोजणी बाहेरूनच करा: तोंडाची रुंदी आणि उंची, दोन बिळांतलं अंतर, पाण्याच्या रेषेपासूनची उंची. काठी आत घालून खोली मोजता येते, हात मात्र घालायचा नाही. पाणी उतरून बीळ कोरडं दिसत असलं तरी आतली ओल टिकलेली असते. हा मासा हवेतला प्राणवायू घेऊ शकत असल्यामुळे तो आत जिवंत असू शकतो. त्याचे काटे जखम करतात. शिवाय त्याच बिळात पाणदिवड किंवा खेकडाही मुक्कामाला असतो. जिवंत सापडलेला सकर पुन्हा पाण्यात सोडू नका.

सातवी पायरी: आपले, मूळचे

परक्या माशांवर इतका वेळ गेला तो ते सर्वत्र दिसतात म्हणून. पण ज्यांची घरटी सापडल्यावर खरा आनंद व्हावा ते मासे पुढचे आहेत.

मरळ खळगा खोदत नाही. ती पावसाळ्याच्या सुमारास काठाजवळच्या दाट पाणवनस्पतींत एक गोल मोकळी जागा करते. अंडी पिवळसर, तेलकट, पाण्यावर तरंगणारी. वनस्पतींच्या गालिच्यात नीट साफ केलेलं वर्तुळ आणि त्यात पिवळा तरंगता थर, हे दृश्य दुसऱ्या कुठल्या माशाचं नाही. अंडी एक-दोन दिवसांत फुटतात. नंतर नारिंगी-लाल पिलांचा घोळका पृष्ठभागाजवळ फिरताना दिसतो आणि त्याच्या खाली नर-मादी राखण करत असतात. या घोळक्यावर गळ टाकला की राखण करणारा मासा चिडून येतो आणि पकडला जातो, आणि मग पिलांचा निभाव लागत नाही. पिलांचा घोळका दिसला तर गळ गुंडाळून ठेवावा, एवढंच मागणं.

देशी मागूर खरोखर खळगा करते. पहिल्या जोरदार पावसानंतर भातखाचरांत आणि तलावाच्या गवताळ, उथळ कडेला ती लहान खळगा करते. तो गवताच्या आड असतो, त्यामुळे वरून सहज दिसत नाही. अंडी चिकट असतात, गवताच्या मुळांना आणि खळग्याच्या भिंतीला लागलेली मिळतात. राखणीला नर असतो. म्हणजे इथे चिलापीच्या नेमकं उलट चित्र: एकट-दुकट खळगा, झाकलेला, आणि आत अंडी आहेत. बाजारात मिळणारी मोठी, बंदी असलेली थाई मागूर वेगळी, ती अंड्यांसाठी असं घरटं करत नाही.

कोकणात आणि गोव्यात, खाडीच्या मचूळ पाण्यात आणि खाडीला जोडलेल्या तळ्यांत, काळुंदर आहे. ही चिलापीच्याच कुळातली, पण इथली. जोडीने राहते. अंडी दगड, बुडालेलं लाकूड, नारळाची सोडणं अशा कठीण वस्तूवर चिकटवते आणि दोघं मिळून त्यांना परांनी वारा घालत राहतात. आणि खळगे? ते अंड्यांच्या जवळपास, तळात, लहान लहान, एकापेक्षा जास्त असतात. अंडी फुटली की आई-बाप पिलं तोंडाने उचलून या खळग्यांत नेऊन ठेवतात आणि एका खळग्यातून दुसऱ्यात हलवतात. दगडाभोवती चार-पाच वाटीएवढे खळगे आणि दोन मासे एकत्र राखणीला, असं दिसलं तर काळुंदर धरा. मासा हाती आला तर मागच्या पराचे काटे मोजा. चिलापीला तीन, काळुंदरला बारा-तेरा. अंग जवळजवळ गोल, राखाडी-हिरवं, उभे गडद पट्टे आणि खवल्यांवर मोत्यासारखे ठिपके. हाच मासा केरळात करीमीन, तिथला राज्यमासा.

अमेरिकेतल्या तळ्यावर असाल तर

न्यू जर्सी, मिशिगन, टेक्सासकडच्या मराठी घरांतली मुलं उन्हाळ्यात तळ्याच्या धक्क्यावरून असेच उजळ गोल बघतात. तिथे ते काम बहुतेक सनफिश कुळाचं असतं आणि खोदण्याची रीत वेगळी असते. नर शेपटीने तळ झाडतो. बारीक गाळ उडून जातो आणि खाली वाळू-खडे उघडे पडतात. त्यामुळे तळ खडेदार दिसतो, थुंकलेल्या मातीची कड फारशी नसते. अंडी त्या खड्यांवर चिकटलेली असतात आणि नर त्यांच्यावर वारा घालत उभा राहतो.

अर्धा मीटरच्या आसपासचे, एकमेकांना टेकलेले पुष्कळ गोल असतील तर ब्लूगिल. पाणी २० अंशांच्या आसपास गेलं की मेपासून ऑगस्टपर्यंत. एकेकटा, त्याहून मोठा, शेजाऱ्यापासून चांगला दूर, आणि वसंतातच झालेला खळगा लार्जमाउथ बासचा. कल्ल्यामागच्या काळ्या पाळीच्या टोकाला लाल-नारिंगी ठिपका आणि गालावर निळ्या रेघा दिसल्या तर पंपकिनसीड. ब्लूगिलच्या पाळीवर लाल ठिपका नसतो, पण पाठीच्या पराच्या मागच्या भागात काळा डाग असतो. इथे नर उचलला तर अंडी काही वेळात इतर मासे खाऊन टाकतात. विणीच्या काळातले मासेमारीचे नियम राज्यागणिक बदलतात, गळ टाकण्याआधी ते वाचा.

नोंद कशी लिहायची

खळग्याचा फोटो बरोबर वरून घ्या, कडेला मोजपट्टी ठेवून. दुसरा फोटो दहा पावलं मागून, वस्ती दिसेल असा. तिसरा माशाचा, शेपटी स्पष्ट येईल असा. शेपटी नसलेला चिलापीचा फोटो जात ठरवायला फारसा कामाचा नाही. वहीत तारीख, वेळ, जागा, पाण्याची खोली, तळ कशाचा, काठाच्या दहा पावलांत किती खळगे, त्यातले किती झाडलेले, आत अंडी होती का, राखणीला एक मासा की जोडी, हे लिहा. पाण्याचं तापमान मोजता आलं तर उत्तमच.

हे सगळं आयनॅचरलिस्टसारख्या, निसर्गनोंदी टाकायच्या संकेतस्थळावर टाकलं की जाणकार तपासून नाव पक्कं करतात. तिथे लिहिताना जेवढं पाहिलं तेवढंच लिहा. मासा दिसला नाही आणि नुसती उंच कडेच्या, अंडी नसलेल्या खळग्यांची वस्ती दिसली, तर ‘चिलापी गट’ एवढ्यावर थांबा. मध्य उंच आहे की खोल हेच पुसट झालं असेल, तर नोंद ‘खोदणारा ठरला नाही’ अशी ठेवा आणि पाणी अजून एक-दोन हात उतरल्यावर, नव्या काठाजवळ कड शाबूत असलेले खळगे मिळतात का ते बघायला पुन्हा जा.